आजारातही उघडं राहणारं दार

पाणी, चहा, ताक, आमटी असं सगळं धरून आपण दिवसाला साधारण दोन लिटर द्रव पोटात घालतो. लहान आतड्यात मात्र रोज आठ ते नऊ लिटर उतरतं. बाकीचं येतं कुठून? आपल्याच शरीरातून. लिटर-दीड लिटर लाळ, दोनेक लिटर जठररस, शिवाय पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याच्या भिंतीनं स्वतः पाझरवलेलं पाणी. अन्न पातळ झाल्याशिवाय पचत नाही, म्हणून शरीर आपलंच पाणी त्यात घालतं आणि काम झालं की परत घेतं. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून रक्तद्रव असतो जेमतेम तीन लिटर. त्याच्या दुपटीहून जास्त पाणी रोज आतड्यात उतरतं आणि रोज माघारी येतं. शौचावाटे बाहेर पडतं ते शंभर ते दोनशे मिलिलिटर. इतका चोख व्यवहार जन्मभर चालू असतो आणि आपल्याला त्याची गंधवार्ताही नसते.

जुलाब लागतात ते हा व्यवहार बिघडल्यावर. पाणी नेहमीपेक्षा जास्त पाझरतं, किंवा परत घेतलं जात नाही, किंवा दोन्ही एकदमच होतं. दर पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या गावात ‘गॅस्ट्रोची लागण’ झाल्याची बातमी येते, ती याच बिघाडाची असते. जंतुसंसर्गानं अचानक सुरू झालेले जुलाब बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप थांबतात. जीव जातो तो मधल्या काळात शरीरातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. दहा किलो वजनाच्या बाळाच्या अंगातून एक लिटर पाणी गेलं, तर त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला. डोळे खोल जातात, टाळू बसते, रडताना अश्रू येत नाहीत, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू खाली बसते. वेगानं जुलाब होत असतील तर ही वेळ यायला एक दिवसही पुरतो.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट अशी की, शरीरात पाणी उपसणारा पंप कुठेच नाही. आतड्याला पाणी ओढून घेता येत नाही. त्याला ओढता येतं मीठ. नेमकं सांगायचं तर सोडियम. सोडियम ज्या बाजूला जातं, पाणी त्या बाजूला जातं. लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब असतं. त्याच्या आतल्या भिंतीवर असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्या तळाशी खोलगट खळगे. उंचवट्यांवरच्या पेशी सोडियम आत घेतात आणि पाणी त्यामागून रक्तात जातं. खळग्यांतल्या पेशी क्लोराइड बाहेर सोडतात, तेव्हा सोडियम आणि पाणी त्यामागून आतड्याच्या पोकळीत येतं. दोन्ही कामं शेजारी शेजारी, एकाच वेळी चाललेली असतात. जुलाब घडवणाऱ्या जंतूंनी या दोन कामांच्या दुखऱ्या जागा बरोबर हेरल्या आहेत.

सगळ्यांत धक्कादायक पद्धत कॉलऱ्याची, म्हणजे आपल्या जुन्या पटकीची. ज्या पटकीच्या धास्तीनं गावोगाव मरीआईला साकडं घातलं जाई, ती पटकी. रॉबर्ट कॉख कलकत्त्यात आला आणि १८८४ मध्ये त्यानं कॉलऱ्याचा जंतू निश्चित ओळखला. पण हा जंतू माणसाला मारतो कसा, याचं उत्तर मिळायला आणखी पंचाहत्तर वर्षं लागली. कॉखचा समज असा होता की जंतूचं विष सगळ्या शरीरात पसरत असणार. कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेला, नुसता कॉलऱ्याच्या वाढीचा द्रव घातला. आतडं पाण्यानं टम्म फुगलं. जंतू एकही नव्हता, तरीही आतड्यात पाणी साचलं होतं. १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा निबंध आला. विष आतड्यातच काम करतं, रक्तात जाण्याची त्याला गरजच नाही, हे त्यातून सिद्ध झालं. प्रयोगशाळेतल्या साध्यासुध्या सामग्रीवर केलेलं इतकं मोठं काम, आणि या माणसाला हयातीत आपल्याच देशात म्हणावा तसा मान मिळाला नाही. याची मला आजही हळहळ वाटते.

त्या विषाचा एक तुकडा आतड्याच्या पेशीत शिरतो आणि तिथलं एक प्रथिन कायमचं ‘चालू’ अवस्थेत अडकवून ठेवतो. मग खळग्यांतल्या पेशी क्लोराइड सोडत सुटतात. उंचवट्यांवरच्या पेशींचं मीठ आत घेण्याचं एरवीचं कामही मंदावतं. भाताच्या पेजेच्या निवळीसारखा दिसणारा, जवळजवळ निव्वळ पाण्याचा जुलाब सुरू होतो. तीव्र कॉलऱ्यात मोठ्या माणसाच्या शरीरातून ताशी लिटरभर पाणी जाऊ शकतं. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावू शकतो. त्यात आतड्याची भिंत कुठेही फाटलेली नसते, कुजलेली नसते. सूक्ष्मदर्शकाखाली ती जवळपास निरोगी दिसते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

बाकीच्या जंतूंच्या तऱ्हा निरनिराळ्या. प्रवासात पोट बिघडवणारा ई-कोलायचा एक प्रकार कॉलऱ्याच्या विषाच्या भावंडासारखं विष बनवतो, पण त्याचा जोर कमी असतो. जपानच्या कियोशी शिगानं १८९७ मध्ये शोधलेला शिगेला मोठ्या आतड्याच्या भिंतीतच घुसतो. मग ताप, मुरडा आणि रक्ताची आव. हा जंतू इतका चिवट की शंभरच्या आत जिवाणू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो, म्हणून नुसत्या अस्वच्छ हातांवरूनही तो पसरतो. जिआर्डिया नावाचा एकपेशीय जीव तर माणसानं पाहिलेल्या पहिल्यावहिल्या सूक्ष्मजीवांपैकी आहे. डच लेवेनहुकनं १६८१ मध्ये स्वतःचं पोट बिघडलेलं असताना स्वतःचीच विष्ठा आपल्या भिंगाखाली ठेवली आणि त्याला ते वळवळणारे जीव दिसले. कुतूहल असावं तर असं!

कॅम्पिलोबॅक्टरची गोष्ट पुणेकरांना वेगळी सांगायला नको. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. आधी जुलाब, आणि काही दिवसांनी हातापायांतली ताकद गेलेली. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत हा जिवाणू मिळाला आणि संशय पाण्यावर गेला. या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातले शर्करेचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंशी मिळतेजुळते असतात. शरीर जिवाणूशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं आणि क्वचित काही जणांत तीच प्रतिपिंडं स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटतात. पोटातल्या एका जंतूमुळे माणसाचे पाय लुळे पडावेत, इतका लांबचा पल्ला या आजाराला आहे.

लहान मुलांमध्ये मात्र जगभर सर्वांत मोठा उपद्रव रोटाविषाणूचा. १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तो दिसला. चाकासारख्या गोल आकारावरून त्याला नाव मिळालं. तो उंचवट्यांच्या टोकावरच्या पक्व पेशीच मारतो, म्हणजे पाणी परत घेणाऱ्याच पेशी. शिवाय त्याचं एक प्रथिन विषासारखं वागून पाणी पाझरवतं. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ हात यांनी इतर जंतू जेवढे आवरतात तेवढा हा आवरत नाही. श्रीमंत देशांतली मुलंही त्याच्या तडाख्यातून सुटली नव्हती. त्यावर उत्तर लशीचंच. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये १९८० च्या दशकात काही नवजात बाळांमध्ये असा एक रोटाविषाणू सापडला, जो त्यांना आजारी पाडत नव्हता. त्याच्यापासून भारतीय लस तयार झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे इथल्या सुमारे ६,८०० बाळांवर तिची चाचणी झाली आणि २०१६ पासून सरकारी लसीकरणात ती टप्प्याटप्प्यानं आली. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटनं दुसरी रोटा लस बनवली. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ही लस तोंडावाटे मिळते, आपल्या आरोग्य उपकेंद्रावर, फुकट.

आता शीर्षकातल्या त्या दाराकडे येतो.

ऑगस्ट १९६० मध्ये प्राग शहरात एक परिषद भरली होती. तिथे अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी एक कल्पना मांडली. आतड्याची पेशी साखर आत घेते ती एकटी घेत नाही, सोडियमसोबत घेते. पेशीच्या भिंतीत एक प्रथिन आहे, ते म्हणजे जणू एक दार, आणि ते दोघं बरोबर आले तरच उघडतं. साखर नसेल तर सोडियमला त्या दारातून जाता येत नाही आणि सोडियम नसेल तर साखरेला. पुढे प्रमाणही कळलं. ग्लुकोजच्या एका रेणूमागे सोडियमचे दोन आयन. १९८७ मध्ये अर्नेस्ट राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन बनवणारा जनुकही वेगळा काढला.

जगात काही मोजकी मुलं हे दार बिघडलेलं घेऊनच जन्माला येतात. त्यांना आईच्या पहिल्या दुधापासून भयानक जुलाब सुरू होतात, कारण दुधातल्या साखरेपासून होणारं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज आत जायला दुसरी वाटच नसते. आहारातून या साखरा काढल्या की जुलाब थांबतात. एका प्रथिनातला दोष आणि सगळा पाण्याचा व्यवहार कोलमडतो. ते दार किती मोलाचं आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

कॉलऱ्याचं विष या दाराला हातही लावत नाही. क्लोराइडचा पाझर बेफाम झालेला असतो, मीठ शोषण्याचं एरवीचं काम मंदावलेलं असतं, लिटरमागून लिटर पाणी वाहून जात असतं, आणि तरीही ग्लुकोज-सोडियमचं दार ठणठणीत उघडं असतं. म्हणजे नुसतं पाणी पाजून उपयोग नाही, नुसतं मिठाचं पाणी पाजूनही नाही. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र पाजली, तर सोडियम आत जाईल आणि पाणी त्यामागून. जुलाब लगेच थांबणार नाहीत, पण माणूस सुकणार नाही. आणि माणूस सुकला नाही तर तो जगतो. बाकीचं काम शरीर स्वतः करतं.

उपाय मात्र सिद्धान्त कळण्याआधीच कुणीतरी करून पाहिला होता. कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडानं पाजून कॉलऱ्याचे रुग्ण बरे केल्याचं १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पाण्याचा काटेकोर हिशेब त्यात नव्हता आणि कारण सांगता येत नव्हतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिपीन्समध्ये अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरांनी तोंडानं द्रावण देण्याचा प्रयत्न केला, पण मिठाचं प्रमाण फार होतं आणि काही रुग्ण दगावले. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तिशीच्या आतल्या दोन डॉक्टरांनी एक साधी शिस्त घातली. जितकं पाणी बाहेर जातंय तितकं मोजायचं आणि तितकंच तोंडानं परत द्यायचं. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाइनची गरज सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी झाली.

तरी हे सगळं इस्पितळातलं होतं. कागद, मोजपात्रं, शिकलेल्या परिचारिका. मग १९७१ साल आलं. पूर्व पाकिस्तानातल्या युद्धातून सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. पावसाळा, छावण्यांतला चिखल, आणि कॉलरा. कलकत्त्याच्या संशोधन केंद्रातले बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनोबिस जूनच्या अखेरीस सीमेवरच्या बनगावला पोहोचले. तिथल्या इस्पितळात कॉलऱ्यासाठी दोन खोल्या आणि मोजक्या खाटा होत्या. माणसं जमिनीवर पडलेली. त्यांना सलाइन लावायला डॉक्टरांना त्याच घाणीत गुडघे टेकून बसावं लागे. सलाइन संपत आलं होतं, ते लावणारी माणसं पुरेशी नव्हती. ही लढाई आपण हरत आहोत, हे त्यांना दोन दिवसांत कळून चुकलं.

तेव्हा त्यांनी निर्णय घेतला. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्याच्या केंद्रात हे मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलं जाई आणि पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीनं चिकटवली जात. बनगावला तोटी लावलेल्या पिंपांत ते पाण्यात मिसळायचं. पिंपावर नाव होतं ‘ओरल सलाइन’, कारण लोकांचा विश्वास सलाइनवर होता. आणि पाजायचं कुणी? आईनं, भावानं, शेजारच्या चटईवरच्या माणसानं. पेला भरायचा आणि पाजायचा, पुन्हा भरायचा आणि पाजायचा. खर्च लिटरमागे अकरा पैसे. आधी छावण्यांत कॉलऱ्याचे रुग्ण शेकडा तीसच्या आसपास दगावत होते. महालनोबिस यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

मला या गोष्टीत सर्वांत जास्त भिडतं ते त्यांचं धाडस. वैद्यकाची तेव्हाची सगळी शिकवण सांगत होती की हे औषध तज्ज्ञाच्या हाती हवं. त्यांनी ते थकलेल्या, बेघर झालेल्या, बहुतांशी निरक्षर माणसांच्या हाती दिलं आणि त्यांच्यावर भरवसा ठेवला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’नं साखर आणि मिठाच्या या जोडीचं वर्णन शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असं केलं. महालनोबिस यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

बांगलादेशानं हा भरवसा आणखी पुढे नेला. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायका सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या. घराच्या ओसरीवर बसून त्यांनी आयांना शिकवलं: तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. नुसतं सांगून भागत नसे. काही आठवड्यांनी दुसरीच बाई येऊन त्या आईला विचारी आणि तिच्याकडून द्रावण करवून घेई. त्या द्रावणातलं मीठ प्रयोगशाळेत तपासलं जाई. शिकवणारीचा मोबदला आईच्या लक्षात किती राहिलं यावर ठरे. गूळ साखरेच्या जागी चालतो, कारण त्यातल्या साखरेचं आतड्यात ग्लुकोज होतंच.

प्रमाणावर इतकी नजर का, तेही पाहू. पाणी जसं सोडियममागे जातं तसं ते साखरेमागेही जातं. आतड्यात साखर गरजेपेक्षा जास्त झाली की तीच पाण्याला आतड्याच्या पोकळीत ओढते आणि जुलाब वाढतात. तोंडानं पाजायच्या या द्रावणाचं, म्हणजे ओआरएसचं, जागतिक आरोग्य संघटनेचं आताचं सूत्र, २००२ नंतरचं, लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असं आहे. आधीच्या सूत्रापेक्षा ते मुद्दाम पातळ केलेलं आहे, कारण पातळ द्रावणानं जुलाब आणि उलट्या कमी होतात असं दिसलं. बाजारातल्या थंड पेयांत १०० मिलिलिटरमागे दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे ओआरएसच्या सातपट, आणि सोडियम नावापुरतं. जुलाब झालेल्या मुलाला असलं पेय पाजणं म्हणजे आजाराला हातभार लावणं. अनेक वर्षं गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ ही अक्षरं मिरवत होती आणि औषधांच्या दुकानांतून आया ती विश्वासानं घेऊन जात होत्या. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ही अक्षरं वापरायला मनाई केली. हे फार आधी व्हायला हवं होतं.

म्हणून पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहावं. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावं, अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात नव्हे. दोनशे मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात, तेव्हा वर लिहिलेलं वाचूनच पाणी मोजावं. पाणी उकळून गार केलेलं. केलेलं द्रावण चोवीस तासांनंतर ओतून द्यावं. आशाताईंकडे आणि अंगणवाडीत ही ‘जलसंजीवनी’ फुकट मिळते. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव घेऊन बघावी. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते टाकून नव्यानं करावं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर. बाळानं उलटी केली तर दहा मिनिटं थांबावं आणि मग चमच्याचमच्यानं पुन्हा सुरू करावं. घाईनं गटागटा पाजलेलं बाहेर येतं, चमच्यानं दिलेलं बरंचसं आत राहतं.

आणि खाणं? आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत जुलाब लागले की मुलाचं खाणं तोडतात. ‘पोटाला जरा विश्रांती’ असं म्हणतात. मायेपोटीच म्हणतात, पण त्यानं नुकसान होतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या होतात. शरीरात इतक्या वेगानं नूतनीकरण होणाऱ्या जागा फार थोड्या. या पेशी आपलं बरंचसं पोषण रक्तातून नव्हे, तर समोरून वाहणाऱ्या अन्नातूनच घेतात. उपाशी ठेवलं तर विषाणूनं मारलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी यायला उशीर लागतो. आधीच हडकुळं असलेलं मूल अशा दोन-तीन आजारांत आणखी खंगतं आणि मग पुढचा आजार त्याला आणखी जोरात धरतो. अंगावरचं दूध तर एक वेळही बंद करू नये. उलट नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजावं.

इथे आपल्या स्वयंपाकघरात एक मोठं शहाणपण बसलेलं आहे. कोकणातली आणि गोव्यातली पेज घ्या. तांदूळ भरपूर पाण्यात शिजवलेले, वर मीठ. आयुर्वेदानं आजाऱ्याला मंड, मग पेया, मग विलेपी असं चढत जाणारं पथ्य सांगितलं, तेही तांदळाचंच. त्यामागचं कारण आज रेणूंच्या भाषेत सांगता येतं. तांदळातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो रेणूंची साखळी. साखळी म्हणून ती पाण्याला फारशी ओढत नाही. आतड्यात तिचे तुकडे होतात आणि शेवटचा तुकडा पडतो तो पेशीच्या अगदी भिंतीवर, त्या दारासमोरच. एकेक ग्लुकोज सुटतं आणि मिठातलं सोडियम घेऊन लगेच आत जातं. साखरेचा पाणी ओढण्याचा दोष टळतो आणि ग्लुकोज मात्र मिळत राहतं. ढाक्याच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात लिटरमागे ५० ग्रॅम तांदळाचं पीठ शिजवून ओआरएस केला आणि कॉलऱ्याच्या रुग्णांत त्यानं जुलाबाचं प्रमाणही घटलं.

मुगाच्या डाळीची मऊ खिचडी त्याच्याही पुढचं काम करते. डाळीतली प्रथिनं फुटून अमिनो आम्लं सुटतात आणि त्यांच्यापैकी अनेकांना सोडियमसोबत आत जाण्याची स्वतःची वेगळी दारं आहेत. म्हणजे मीठ घातलेल्या खिचडीच्या घासाबरोबर सोडियमला, आणि त्यामागून पाण्याला, आत जायच्या कितीतरी वाटा मिळतात. खिचडीवर चमचाभर तूप किंवा तेल जरूर घालावं. आजारी मुलाला थोड्याच घासांत जास्त ताकद हवी असते आणि बेतानं घातलेलं तूप त्याला पचतं.

जे लहान आतड्यात पचत नाही, तेही वाया जात नाही. कच्च्या केळ्यात असा स्टार्च असतो की जो न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात. ही मेदाम्लं मोठ्या आतड्याला सोडियम आणि पाणी शोषायला मदत करतात. म्हणजे आतड्यातले आपलेच जिवाणू कामाला लागतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी ओआरएसमध्ये असा न पचणारा स्टार्च घालून २००० साली कॉलऱ्याच्या रुग्णांत त्याचा गुण दाखवून दिला. बांगलादेशात रेंगाळलेल्या जुलाबांवर मुलांना शिजवलेलं कच्चं केळं देऊन पाहिलं गेलं आणि तेही उपयोगी ठरलं. उकडून, कुस्करून, मीठ घालून केळं देणं काही अवघड नाही.

दुधाबद्दल लोक उगीच घाबरतात. रोटाविषाणूनं उंचवट्यांची टोकं झडली की दुधातली साखर पचवणारं विकर काही दिवस कमी पडू शकतं. पण बहुतेक मुलांचं दूध बंद करावं लागत नाही. दुधानं जुलाब वाढल्यासारखे वाटले तर दही किंवा ताजं ताक द्यावं. त्यातली बरीचशी साखर जिवाणूंनी आधीच पचवलेली असते. नारळपाणी चांगलं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण सोडियम कमी, म्हणून ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. फळांचे गोड रस, सरबतांचे पाक, कडक चहा यांना त्या दिवसांत सुट्टी द्यावी.

जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत. त्या आतड्याची हालचाल थांबवतात, जंतूला थांबवत नाहीत. प्रतिजैविकंही साध्या पाण्यासारख्या जुलाबात बहुधा निरुपयोगी, कारण विषाणूवर त्यांचा परिणामच होत नाही. रक्ताची आव किंवा पटकी असेल तर गोष्ट वेगळी, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. शौचात रक्त दिसलं, मूल पिऊ शकत नसेल, सारखी उलटी होत असेल, सुस्त पडलं असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, डोळे खोल गेले असतील, तर घरी थांबायचं नाही. दवाखान्याच्या वाटेवरही ओआरएस चालू ठेवायचा.

जस्ताची गोष्ट त्यामानानं नवी. जुलाबात शरीरातलं जस्त वाहून जातं आणि नव्या पेशी घडवायला जस्त लागतंच. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा सल्ला असा आहे की, मुलाला दहा ते चौदा दिवस रोज २० मिलिग्रॅम जस्त द्यावं, सहा महिन्यांखालच्या बाळाला १० मिलिग्रॅम. ओआरएसच्या पाकिटांबरोबर या गोळ्याही सरकारी केंद्रात मिळतात. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात त्या सहज विरघळतात. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या.

आणि आजार उतरल्यावर मुलाला निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यायचं. चार वेळा खात असेल तर पाचव्यांदा. मधल्या दिवसांत घटलेलं वजन या जादा जेवणातूनच भरून येतं.